कान आधी, पोट नंतर

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडरला सगळे कानकापेकाका म्हणत. हे आडनाव नव्हे, काम. नसबंदी झालेल्या जनावराच्या डाव्या कानाचं टोक खुणेसाठी छाटायचं, ते खातं त्यांच्याकडे. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. मी तिथं कागद लिहायला होतो, त्यामुळे पुढचं बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

काकांची एक पद्धत होती. डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधीच ते कान उरकून घेत. जनावर गुंगीत असतंच, मग नंतर धावपळ कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "तू तुझे कागद सांभाळ."

त्या वर्षी पाळलेल्या कुत्र्यामांजरांचीही नसबंदी सक्तीची करायचं घाटत होतं. नगरपालिकेनं सभा घेतली. निवृत्त मुख्याध्यापिका बाई तिथं तावातावानं बोलल्या. "माझी कुत्री फाटकाबाहेर पडत नाही. तिचं काय करायचं ते मी ठरवीन. मला कुणी विचारणार की नाही?"

टाळ्या पडल्या. मागच्या खुर्चीतून काका उठले. "बाई, आमच्या दारात दर आठवड्याला कुणीतरी पिल्लांची गोणी टाकून जातं. तिचं तोंड सोडायला मी असतो. निम्मी हलत नसतात." एवढंच बोलून ते बसले. टाळ्या पडल्या नाहीत.

नियम झाला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी बाई कुत्रीला घेऊन आल्या. संमतीच्या कागदावर सही अशी केली की पेनाचं टोक आरपार गेलं. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, काकांनी पोट भादरलं, कान छाटला, आणि तेवढ्यात गाडीखाली सापडलेला एक कुत्रा आला. टेबल रिकामं करावं लागलं. बाईंची कुत्री मागच्या पिंजऱ्यात गेली. संध्याकाळी काकांनी पाहिलं, तर कान कापलेला. कान कापलेला म्हणजे ऑपरेशन झालेलं, आमच्याकडे त्याला दुसरा अर्थच नाही. त्यांनी पोटाला पट्टा बांधला, "दहा दिवस सोडू नका" म्हणून बजावलं आणि कुत्री बाईंच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी हत्यारं उकळताना त्यांना हत्यारांचं एक पुडकं न सोडलेलं सापडलं. एका ऑपरेशनला एक, अशी आदल्या दिवशी सात काढलेली, सहाच वापरलेली. "बाईंची कुत्री," म्हणत काकांनी ते माझ्यासमोर धरलं.

"कुणाला कळणार नाही," मी म्हणालो. "कान कापलाय ना? गप्प बसा."

"आणि कुत्री व्याली म्हणजे?"

निवृत्तीला आठ महिने उरले होते. "जन्मभर कान कापले," ते म्हणाले, "आता नाक कापून घ्यायची वेळ आली." मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

रोज काम सुटलं की ते बाईंच्या घराकडे निघत आणि कोपऱ्यावरून परत येत. दुसऱ्या दिवशी मला कारण सांगत. चप्पल चावली. बाईंकडे पाहुणे होते.

दहाव्या दिवशी बाई टाके काढायला आल्या. काकांनी पट्ट्याला हातही लावला नाही. "बाई, टाके नाहीतच. ऑपरेशन झालेलं नाही. चूक माझी, डॉक्टरांची नाही. तक्रार लिहायची असेल तर हा तुम्हाला कागद देईल."

बाईंनी पर्स बाजूला ठेवली. "दुसऱ्याच दिवशी तिनं पट्टा कुरतडून काढला. बघते तर पोट कोरं. मीच तो पुन्हा बांधला. तुम्ही कोपऱ्यावरून परत फिरत होता, तेही मी खिडकीतून बघत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"कान कापलेला, म्हणजे मला कुणी हटकणार नव्हतं. पहिल्यांदाच निवांत विचार करता आला." त्यांनी कुत्रीचा कान चाचपला. "ती गोणी काही केल्या डोक्यातून जाईना. कान तुम्ही नियमानं कापलात. पोट आता मी सांगते म्हणून कापा."

त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. मी तक्रारीचा पुढे केला, तो त्यांनी परत सरकवला आणि संमतीचा ओढून घेतला. या खेपेला सही सावकाश केली, फळ्यावर लिहितात तशी वळणदार.

काकांनी कुत्रीला टेबलावर घेतलं. सवयीनं हात कात्रीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आधी तुमचं होऊ द्या. मी उभा राहून बघतो."