फोटोत एक मूल जास्त

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून पायाखालचा दुसरा ब्रेक दाबण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून हे नाव पडलं, आणि त्यांच्या जिभेला मात्र कसलाच ब्रेक नव्हता म्हणून ते टिकलं. आरशात न बघता गाडी काढणाऱ्याला त्या म्हणत, "काका, तो आरसा भांग पाडायला नाही लावलेला." काका रागावत, आणि परवाना हातात पडला की आपल्या मेहुण्यालाही त्यांच्याकडेच पाठवत.

घरात आणखी एक शिक्षक होता, तो म्हणजे बाईंचा नवरा. नोकरी सुटल्यावर हा गृहस्थ बरेच दिवस गॅलरीत बसून राहिला, आणि मग एका सकाळी उठला तो थेट शिक्षणतज्ज्ञ होऊनच. शाळा मुलांची नजर मारते, असा शोध त्याला लागला होता. त्याने आठ वर्षांच्या थोरलीला शाळेतून काढलं आणि धाकट्याला घातलंच नाही. गणित आणि भाषा सकाळी तोंडी लावण्यापुरती, दुपारभर मुख्य विषय छायाचित्रण. वर्ग चालू असताना मुलांनी बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. धाकट्याला शी लागली तरी तो बोट वर करून "सर, जाऊ का?" विचारी, आणि सर विचार करून हो म्हणत. आपणही त्यांना सरच म्हणू या, उगाच कुणाचा अपमान नको.

नवरा तोंड पाडून बसण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून ब्रेकबाईंनी हा कारभार चालू दिला. सकाळी घर सोडायच्या आणि संध्याकाळी दमून परतायच्या, तेवढ्यात घरात कलेचा पूर आलेला असे.

सरांच्या शाळेत एक नियम फार कडक होता. चेहरा काढायचा नाही. "चेहरे लग्नातले फोटोवाले काढतात," सर म्हणत. "आपण चेहऱ्यामागचा माणूस शोधायचा." मग पोरं बिचारी माणूस शोधत हिंडत, कुणाच्या कोपरात, कुणाच्या मानेवर, कुणाच्या ओल्या केसांत. संध्याकाळी तपासणी होई. एखाद्या फोटोत चुकून कुणाचं तोंड आलंच, तर सर तो तिथल्या तिथे पुसून टाकत. एकदा थोरलीने दारात चपला काढताना हसणारी आई टिपली होती. "हा वाढदिवसाचा फोटो झाला," म्हणून तोही गेला. "मग माझा एक काढा ना," ती म्हणाली, तर उत्तर मिळालं की छायाचित्रकार स्वतः फोटोत नसतो.

बैठकीच्या खोलीत भिंतभर प्रदर्शन लागलं होतं. गळका नळ, उलटी चप्पल, भिंतीची ओल, आणि मधोमध मोठा करून लावलेला 'प्रतीक्षा' नावाचा फोटो. ती प्रतीक्षा म्हणजे ब्रेकबाईंची भेगाळलेली टाच होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती बघून मान डोलवायची. "अहो, लटकवायचीच होती तर आधी मलम तरी लावू द्यायचं होतं," बाई म्हणाल्या. सरांनी हे मनावर घेतलं नाही. अडाणी टीकेची त्यांना सवय होती.

आणि मग त्या दुपारी फोन आला. ब्रेकबाई एका जाड्या दुकानदाराला चौकातून वळायला शिकवत होत्या. फोनवर सरांचा आवाज चिरका लागला होता. मंडईमागच्या पोपडे आलेल्या भिंती टिपायला त्यांनी वर्ग नेला होता. तिथे एक डबकं दिसलं. डबक्यात आभाळ दिसलं. सर पालथे झोपून ते आभाळ टिपत बसले, आणि उठले तेव्हा धाकटा शेजारी होता, थोरली नव्हती. सगळी गल्ली पालथी घातली, पोर कुठेच नाही.

"सरका," ब्रेकबाई दुकानदाराला म्हणाल्या. त्याला शेजारच्या सीटवर ढकलून त्यांनी गाडी अशी हाणली, की आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने तशी चालवली असती तर त्याला त्यांनी जन्मात परवान्याला उभं केलं नसतं. दुकानदार दाराची कडी धरून बसला होता.

पोलीस चौकीत सर उभे होते, गुडघ्यापासून छातीपर्यंत चिखल. टेबलामागच्या पोलिसाने नाव, वय, फ्रॉकचा रंग लिहून घेतला आणि म्हणाला, "अलीकडचा एखादा फोटो द्या. लगेच सगळीकडे पाठवतो."

त्याही अवस्थेत सरांचा चेहरा उजळला. "फोटो भरपूर आहेत," म्हणत त्यांनी कॅमेरा पुढे केला.

पहिल्या फोटोत उन्हात चमकणारी एक वेणी होती. पुढच्यात कठड्यावरचा हात. मग भिंतीवर पडलेली सावली, मग ओल्या फरशीवरची पावलं, मग कानामागचा तीळ. पोलीस बटण दाबत राहिला, आणि शेवटी त्याने कॅमेरा खाली ठेवला.

"साहेब, मुलगी हरवलीय. वेणी नाही हरवलेली."

"हा बघा ना," सर म्हणाले, "यात तिचा एकटेपणा फार छान आलाय."

"एकटेपणाची तक्रार नाही द्यायची आपल्याला," ब्रेकबाई म्हणाल्या. "तोंड दाखवा तिचं."

तोंड नव्हतं. वर्षभर घरात दुसरं काही शिकवलं नाही, आणि पोरीचा एक धड फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाईंनी स्वतःचा फोन उघडला. त्यात परवाने मिळालेले काका होते, मावश्या होत्या, घासलेल्या बंपरचे फोटो होते. थोरली होती ती पाळण्यातली. त्यांनी फोन पालथा घातला. नवऱ्याला घालायला तोंडात आलेली शिवी त्यांना आता निम्मी स्वतःलाही द्यावीशी वाटली.

तेवढ्यात तोच फोन वाजला. थोरलीच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. "तुमची मुलगी इथे आहे. सुखरूप आहे, काळजी करू नका. पण जरा येऊन जा. आमच्याकडे एक घोळ झालाय."

ब्रेकबाईंनी डोळे पुसले. मग पोलिसाला नमस्कार केला, आणि नवरा, धाकटा, दुकानदार असं सगळं बिऱ्हाड गाडीत घालून शाळेत पोचल्या.

घोळ असा होता. त्या दिवशी वर्गावर्गांचे वार्षिक फोटो होते. थोरलीला हे तिच्या जुन्या मैत्रिणीकडून कळलं होतं. मंडईमागून शाळा दोन गल्ल्यांवर. ती सरळ फाटकातून आत आली आणि आपल्या वर्गाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. फोटो निघाला, वर्ग आत गेला, आणि मग वर्गाच्या बाईंनी हजेरीपट घेऊन डोकी मोजली तर एक जास्त.

थोरली व्हरांड्यात बाकावर बसली होती. ब्रेकबाईंनी आधी तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं आणि मग छातीशी इतकं आवळलं की तिला बोलता येईना.

"कुणाला विचारून आलीस?"

"विचारलं असतं तर सोडलं असतं का?" थोरली म्हणाली. "मला फोटोत यायचं होतं. फक्त एका."

शाळेच्या फोटोवाल्याने कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला, गणवेशांच्या गर्दीत एक पिवळा फ्रॉक. हनुवटी वर, तोंडभर हसू, आणि वरच्या ओळीतल्या एका दाताची जागा रिकामी. तो दात कधी पडला, हे ब्रेकबाईंना ठाऊक नव्हतं. त्या फोटोकडे बघतच राहिल्या.

सरांनीही खांद्यावरून डोकावून पाहिलं. "उजेड अगदीच सपाट आहे," ते म्हणाले. "आणि सगळी पोरं बुजगावण्यासारखी ओळीत."

"त्या बुजगावण्यांत आपली पोर ओळखू येते," ब्रेकबाई म्हणाल्या. "तुमच्या कलेत ती पोलिसालाही सापडली नाही."

मुख्याध्यापिका अवघडून म्हणाल्या, "मुलांना परत बाहेर बोलावते. हिला इथेच बसू दे, आम्ही पुन्हा एक काढून घेतो. ही आता आमच्या हजेरीपटावर नाही ना."

थोरलीने आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"पुन्हा काढू नका," ब्रेकबाई म्हणाल्या. "फोटो बरोबर आहे. तुमचा हजेरीपट चुकलाय. हिचं नाव त्यात घाला."

"अगं, असे निर्णय असे उभ्याउभ्या..." सर पुढे झाले. बाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"नाव घालता येईल," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण या फोटोत तिच्या अंगावर गणवेश नाही."

"चेहरा आहे ना," ब्रेकबाई म्हणाल्या. "तेवढा पुरे."