धाकटीचं सॉफ्टवेअर

वरवंडच्या भाग्यश्रीला कुणी वाईट म्हणेल तर ते खोटं. दारी आलेल्याला ती जेवल्याशिवाय सोडायची नाही. पण धाकटी जाऊ प्रगती समोर आली, की बाईच्या पोटात दुखायला लागे. त्याला काही इलाजच नव्हता!

ब्लाऊजवर कॉम्प्युटरनं नक्षी भरायचं मशीन गावात पहिल्यांदा आणलं ते भाग्यश्रीनं. नक्षी आखायचं सॉफ्टवेअर महागडं, म्हणून तिच्या भावानं शिक्रापुरातून कुलूप तोडलेलं, चोरीचं, फुकटात आणून दिलं. गावाला मात्र तिनं ठणकावून सांगितलं, "इकत घेतलंय!" सगळं झकास चाललं होतं. मग शिरूरकडची ही प्रगती सून म्हणून आली, आणि पाठोपाठ तिचंही मशीन आलं. त्यावरचं सॉफ्टवेअर कंपनीकडूनच घेतलेलं, महिनाभर वापरून बघायचं.

"म्हंजी फुकटच की," भाग्यश्रीनं नाक मुरडलं.

"न्हाई ताई, नुसतं बघायला दिलंय. पटलं तर पैसं भरायचं, न्हाई तर काढून टाकायचं."

सासरे मारुतराव ओट्यावरून म्हणाले, "बराबर हाय पोरी. बैल घेताना औताला जुंपून बघतोच की आपण. पटला तर ठेवायचा, न्हाई तर मालकाच्या दावणीला परत."

झालं! घरभर धाकटीचा उदोउदो. भाग्यश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांत तिच्या मशीनला कुणी बैलसुद्धा म्हटलं नव्हतं.

त्यात गावातल्या बबनरावांच्या लेकीचं, समृद्धीचं, लग्न ठरलं आणि नवरीच्या ब्लाऊजांचं काम गेलं धाकटीकडं. लग्नाला दौंडपासून शिरूरपर्यंतच्या बायका येणार. नवरीच्या अंगावर जिची नक्षी, तिच्याकडं पुढं वर्षभर रांग. आजवर गावातली एक नवरी आपल्या कामावाचून बोहल्यावर चढली नाही, आन् ही कालची पोरगी! भाग्यश्रीला घास गिळवेना.

दुपारी प्रगती शेवंती तोडायला मळ्यात गेली, तशी भाग्यश्री तिच्या खोलीत शिरली. मशीनला जोडलेला लॅपटॉप चालूच होता. भावानं कधीतरी सांगितलेलं तिला पक्कं ठाऊक होतं: लॅपटॉपातली तारीख पुढं ढकलून सॉफ्टवेअर उघडलं की मुदत संपते, आणि मग तारीख मागं घेतली तरी ते उघडत नाही. तिनं तसंच केलं. मुदत संपल्याची पाटी आली, तशी तारीख पुन्हा जागेवर आणून ठेवली. चोरपावलांनी खोलीबाहेर आली. पण खोटं कशाला बोला, जिवाला फार गार वाटलं.

संध्याकाळी प्रगतीचा चेहरा उतरलेला. तिचा नवरा माऊली म्हणाला, "एवढं काय त्यात? कुलूप तोडलेलं मिळतंय की. आत्ता आणतो."

"नको. माझंच दिवस मोजायचं चुकलं आसंल. मुदत सरली म्हंजी सरली. पैसं साठलं की इकत घिऊ."

आणि अर्धवट ब्लाऊजांचं गाठोडं घेऊन ती थोरलीच्या दारात उभी राहिली.

"ताई, ह्ये तुम्ही करा. तुमचं तर इकत घेतल्यालं हाय. नवरीचा खोळंबा नको व्हायला."

 भाग्यश्रीनं गाठोडं घेतलं. हेच तर हवं होतं! आणि काम असं केलं, की तसं तिनं जन्मात केलं नव्हतं.

मांडवात समृद्धीच्या पाठीवरचा मोर बघून बायका जागच्या जागी थबकत होत्या. "कुनाचं काम गं ह्ये?" भाग्यश्री तोंड उघडणार, तोच मागून प्रगती ओरडली, "आमच्या थोरल्या जाऊबाईंचं! बघा तरी, कसला मोर काढलाय!"

आवाजात कणभर खोट नव्हती. बायकांनी भाग्यश्रीला गराडा घातला. ती हसत होती, फोन नंबर देत होती, आणि नजर मात्र त्या धाकटीवर, जी टाचा उंचावून मोर दाखवत होती. मेलीला साधं जळतासुद्धा येत नाही! भाग्यश्रीला तिचा इतका हेवा आजवर कधी वाटला नव्हता.