ओव्हनमधली तूरडाळ आणि शेजारच्या आजींचा कुगेल

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याबद्दल आधीच माफी. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तरी चौथीतल्या बाईंची छडी अजून आठवते.

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या शेजारी एक ज्यू आजी राहायच्या. माझं इंग्रजी चार शब्दांचं, त्यातले दोन ‘सॉरी’. आजींचं काही अडत नसे, त्या दोघींच्या वाटचं एकट्याच बोलायच्या. एकदा त्यांनी कुगेल आणून दिला. रुंद शेवया, पनीरसारखं चीज, अंडी, साखर, बेदाणे, दालचिनी, सगळं कालवून भाजलेलं. आपण शेवयांची खीर करतो, यांनी तिच्या वड्या पाडल्या होत्या. आवडला, हे मी दुसऱ्यांदा वाढून घेऊन सांगितलं.

मग त्या शिकवायलाच आल्या. आल्या आल्या त्यांनी ओव्हन तापत ठेवला, आत न बघता. त्यांच्या ओव्हनमध्ये काही नसतं. आम्हा देशी बायकांचं ते कपाट. माझ्या कपाटात डाळींचे प्लास्टिकचे डबे होते. थोड्याच वेळात तूरडाळ आणि प्लास्टिक एकजीव झालं, घरभर धूर झाला आणि ओव्हन कामातून गेला. घरमालकाने साठ डॉलर मागितले.

ह्यांची स्कॉलरशिप जेमतेम. शिवाय त्यांना कळलं असतं तर व्याख्यान दिवाळीपर्यंत चाललं असतं. आजींनी गुपचूप पैसे भरले, चूक आपलीच म्हणाल्या. पण डबे माझे होते. मी कागदावर साठ लिहून दाखवले आणि छातीवर हात ठेवला, मी देणार. नवा ओव्हन आला तो ह्यांना दिसलाही नाही. स्वयंपाकघरात ते पाणी प्यायलाच यायचे.

त्यात मी स्वतः कुगेल केला, चीजच्या जागी चक्का घातला, दालचिनीऐवजी वेलची. देवाला नैवेद्य दाखवला, त्याने अंड्यांचं विचारलं नाही. आजी चाखून म्हणाल्या, “माझ्या आईने हा ओळखला नसता. आणखी एक तुकडा दे.”

मग मराठी घरांतल्या वाढदिवसांना मी ट्रे देऊ लागले. पाच डॉलरला एक. दोन सामानाचे, तीन आजींचे. ह्यांना वाटायचं, हौस आहे. अंडी आहेत हे मी सगळ्यांना अडखळत का होईना सांगायचे. एका पक्क्या शाकाहारी काकूंनी मात्र मला तोंडच उघडू दिलं नाही. “त्यात काय आहे ते मला सांगू नकोस गं,” म्हणाल्या आणि दोन ट्रे घेऊन गेल्या. न बोलणं मला चांगलं जमतं.

बर्फ वितळेपर्यंत वीस ट्रे झाले. शेवटचे तीन डॉलर दिले तर आजींनी ते माझ्या मुठीत परत कोंबले. भिडस्त मी, पण त्या दिवशी डोळे वटारले.

“मोजा,” मी चक्क मराठीत म्हटलं.

त्यांनी चष्मा चढवला, तीनही नोटा मोजल्या आणि पर्समध्ये टाकल्या. साठ पुरे झाले.