मास्तरांनी स्वतःसाठी शिवलेला पट्टा

आमचे मास्तर, म्हणजे माझा नवरा, शिंपी. कोट अंगावर चढवला की गिऱ्हाइकाला एकच विचारायचे, "कुठे बोचतंय का?" तो नाही म्हणेपर्यंत त्याला दुकानाबाहेर सोडायचे नाहीत. माझ्याशी तीस वर्षांत इतक्या मायेने कधी बोलले नाहीत, ते असो.

तीन वर्षांपूर्वी माळ्यावरून कापड काढताना शिडी सरकली आणि ते पाठीवर आपटले. कमरेखालचं सगळं गेलं. पाय आहेत, पण चिमटा काढा नाहीतर चटका द्या, त्यांना पत्ता नाही. कापड कापणं हे उभ्याचं काम, टेबलावर वाकल्याशिवाय होत नाही. ते माझ्या दिराकडे गेलं आणि मास्तर खुर्चीत बसून काज-बटणं करू लागले. उभ्या गावाचे कोट कापलेला माणूस हो. घरात त्यांच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

मग पुनर्वसन केंद्रातून बोलावणं आलं. पायांना बांधायचं यंत्र होतं. कमरेपासून पावलापर्यंत पट्ट्या, गुडघ्याशी मोटर, पाठीवर बॅटरी. कुबड्यांवर भार देऊन पुढे झुकलं की मोटर घरघरते आणि पाय उचलला जातो. सहा आठवड्यांची चाचणी जो नीट पार पाडेल, त्याला यंत्र घरी मिळणार होतं. मास्तरांनी व्यायामाच्या बाईंना पहिल्याच दिवशी विचारलं, "यात हात मोकळे राहतात का?"

"टेबलाला टेकून उभे राहिलात तर राहतील," बाई म्हणाल्या. झालं. त्यानंतर या माणसाच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही.

नियम एकच, पण कडक. यंत्र काढलं की पायांची कातडी चारी बाजूंनी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर केंद्रात कळवायचं आणि चालणं बंद. ते बघायचं काम माझं होतं.

चौथ्या आठवड्यात त्यांना नडगीवरचा पट्टा खुपायला लागला, म्हणजे नजरेला. पाय वाळून काटकी झालेले, पट्ट्यात पाय हलायचा. "याला काय फिटिंग म्हणायचं?" पट्ट्याच्या आतल्या गाद्या धुवायला घरी मिळायच्या. मास्तरांनी एक उसवली, आत जाड कापड भरलं आणि दुहेरी शिवण घालून कोणाला न विचारता परत लावली. दुसऱ्या दिवशी नऊच्या जागी एकोणीस पावलं टाकली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी रडले, खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी मी पाय बघायला गेले तर म्हणाले, "मी बघितलेत. काही नाही." पुढचे तीन दिवस हेच. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे, मी ऐकलं. पाचव्या दिवशी मोज्याला वास आला. मोजा काढला तर नडगीवर शिवण टाक्यान् टाक्यासकट उमटलेली, आणि मधली कातडी काळी.

"तुम्ही बघितलं होतंत ना?"

"लाल होतं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर बंद केलं असतं त्यांनी. आणि मला बोचत नव्हतं गं."

जखम हाडापर्यंत गेली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, मांडीची कातडी काढून तिथे लावली. पाय राहिला. पण त्या कातडीवर पट्टा आता कधीच बांधता येणार नाही, असं डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. यंत्र दुसऱ्या कोणाला तरी दिलं. लोक मला नशीब म्हणून समजावतात. नशीब कसलं डोंबलाचं? रोज पाच मिनिटं मी पाय बघायचे होते, आणि मी बघितले नाहीत.

घरी आणलं त्या दिवशी मास्तरांनी खुर्ची दुकानात घ्यायला लावली. खणातून आपली मोठी कात्री काढली. दिराने आजवर तिला हात लावायची हिंमत केली नव्हती.

"घे," ते त्याला म्हणाले.

"दादा, राहू दे ना. तुम्ही बरे झालात की—"

"घे म्हटलं ना."

दिराने घेतली. मग टेबलावर कापड पसरलं होतं, ते कापायला लागला. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "मला आत ने." मी नेलं.