बियाणं, आतडं आणि आईची गोळी

आमच्या मंगरूळपीरकडच्या गावात सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला जिवाणू संवर्धन, म्हणजे मुळांना नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंची भुकटी, चोळतात. आमच्या घरी ते काम आईचं. सावलीत ताडपत्री पसरून, हलक्या हातानं. बुरशीनाशक आधी, संवर्धन शेवटी. दोन्ही एकत्र कालवलं तर जिवाणू मरतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तिच्या मोठ्या आतड्याला सूज असते. शौचातून रक्त जायचं, ते गोळ्यांनी थांबलं होतं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिला सांगितलं, की आतड्यातही कामाचे जिवाणू असतात आणि या आजारात ते कमी होतात. पेरणीच्या तोंडावर तिला पुन्हा रक्त जाऊ लागलं. अकोल्याला दवाखान्यात भरती केलं. या वेळी आटोक्यात आलं नाही तर आतडं काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तिनं गोळ्या बंद केल्या होत्या, हे तिथंच कळलं. मला रडू आलं नाही. मी डबा धुऊन आणला.

"माय, गोळ्या काहून सोडल्या?"

"तूच त म्हने, पोटात कामाचे जिवाणू हायत. रोज वरून गोळी टाकली त मरतीन नाही का ते? ताक पिऊन राह्यली होती मी."

बाजूच्या खाटेवरची बाई हसली. "पोट का वावर हाय काय, बाई?"

"वावरच हाय," आई म्हणाली. "यंदा पडीत."

मी स्टूल जवळ ओढलं. "ही गोळी जिवाणू मारत नाही, सूज उतरवते. आतड्याच्या आतून चिकट थर असतो. तो विरला की जिवाणू भिंतीपाशी येतात. मग शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि भिंतीलाच जखमा होतात. सूज वाढली की कामाचे जिवाणू अजून कमी होतात."

"पण पयले बिघडते कोन? ते का आपन?"

"ते मले अजून नीट समजलं नाही. पुस्तकातही पक्कं सांगत नाहीत."

ती कोपरावर टेकून उठून बसली.

"म्हंजे गोळी घेतली त त्याईचंही बरंच होते?"

"होते बहुतेक."

"आन घरच्या बियाण्याले कोन लावन?"

"मी लावीन."

"सावलीत लावजो. आन जोरानं नको चोळू."

तिनं तळहात पुढे केला. मी त्यावर गोळी ठेवली आणि पाण्याचा गिलास धरून उभा राहिलो. तिनं ती गिळली. रक्त थांबेल की नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.