टाकीची किल्ली, डिझेलचा काटा

भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी शेंगदाणे भाजत होते. त्याच्या बायकोचा, मंगलचा फोन. "वहिनी, हे गेले हो," एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. रडू वगैरे आलं नाही. आमच्या ट्रकवर त्यानं एकोणीस वर्षं काढली. कोल्हारहून कांदा भरायचा, कधी नगरला, कधी वाशीला न्यायचा... पुढं ट्रक विकला, तरी सणावाराला यायचा, उभ्या उभ्या चहा घेऊन जायचा. दशक्रियेला प्रवरेच्या काठी माणसं बरीच जमली. आपल्याकडे अशा वेळी भाषणं होतात, तशी झाली. एक जण माईकवर म्हणाले, "मालकांनी डोळे झाकून विश्वास टाकावा, असा हा ड्रायव्हर!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली, म्हणजे मालक म्हणून उरले मीच. दोन शब्द बोला म्हणाले. मी उठले, "भानुदास फार चांगला माणूस होता," म्हटलं आणि बसले. खरं तर मी डोळे झाकून विश्वास टाकला नव्हता. तिथं ते सांगायला हवं होतं, जमलं नाही. म्हणून आता लिहिते.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. डिझेल नेहमीपेक्षा लवकर संपायला लागलं. वाटेत पुलाचं काम चाललं होतं, गाड्यांना लांबून फेरा पडत होता, हे कारण मला फार उशिरा कळलं. त्याआधी कुणीतरी कानात घातलं, की ड्रायव्हर लोक ढाब्यावर डिझेल काढून विकतात. झालं! मी नगरला गेले आणि टाकीला कुलपाचं झाकण घेऊन आले. ते जरा हलत होतं, म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कात्रीनं कापला आणि झाकणाखाली दाबून बसवला. इतकं घट्ट बसलं की किल्ली फिरवायला दोन्ही हात लागायचे. मला अगदी निश्चिंत वाटलं. किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवली. भानुदासनं सकाळी ते कुलूप पाहिलं, त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि गाडी सुरू करून निघून गेला.

पंधराएक दिवसांत ट्रक चढाला दम टाकायला लागला. भरलेली गाडी विळदच्या घाटात अशी रडायची म्हणे, की मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. गॅरेजात उभी केली की मात्र ठणठणीत. मिस्त्रींनी फिल्टर बदलला, नळ्या साफ केल्या, शेवटी म्हणाले पंप उतरवावा लागेल. घरी आल्यावर मी आत ह्यांना म्हटलं, "पंपाला काही झालेलं नाही. डिझेल भरायला भानुदास किल्ली नेतो, तेव्हाच काढून घेत असेल आणि वर रॉकेल ओतत असेल. दुसरा ड्रायव्हर बघा." हे म्हणाले, "या आठवड्याचं भाडं होऊ दे, मग सांगतो त्याला." भानुदास बाहेर ओट्यावरच बसलेला होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. तो दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ह्यांच्याशीच बोलला. "दादा, गाडीला काटा लावू. फिल्टरातनं पंपाला डिझेल किती जोरानं जातंय ते दिसंल. खोट माझी निघाली तर उद्यापासनं मी येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मीही गेले. भानुदासनं स्वतःचा काटा आणला होता. काटा म्हणजे घड्याळाएवढी गोल तबकडी, तिला लांब रबरी नळी. जोडायच्या आधी भानुदासनं ती माझ्यासमोर धरली. "बघा वहिनी, शून्यावर हाय ना? आधी मापच खरं हाय का ते बघायचं." मिस्त्रींनी फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाचा बोल्ट काढला, तिथं जादा तोंड असलेला दुसरा बोल्ट बसवला, तांब्याचे नवे वॉशर घातले आणि नळी जोडली. मग हातपंप दाबून दाबून आतली हवा काढली. बुडबुडे थांबले तेव्हा कुठं त्यांनी बोल्ट आवळला. मी म्हटलं, तबकडी आत घ्या, म्हणजे वाचायला बरी. तर दोघंही एकदम "नाही नाही" म्हणाले. डिझेलची नळी केबिनमध्ये आणायची नसते, फुटली तर फवारा तोंडावर. म्हणून तबकडी समोरच्या काचेवर बाहेरून, वायपरखाली बांधली. मिस्त्री म्हणाले, "मी बसतो सोबत." भानुदास म्हणाला, "तुमी नगं. वहिनी बसतील. मी सांगितलेला आकडा त्यांना खरा वाटायचा न्हाई, अन् तुमी पडलात माझे दोस्त." मिस्त्री हसले. मी हसले नाही, पदर खोचला आणि चढले.

टाकी गळ्यापर्यंत भरलेली, मागं कांदा. काटा दीड किलोवर. हो, दाबसुद्धा किलोतच मोजतात, वांगी मोजावीत तसा. तो एकसारखा थरथरत होता. भानुदास म्हणाला, "थरथरतोय त्याच्या मधला आकडा धरा. अन् तिरकं बघू नका, समोरून बघा, न्हाईतर आकडा चुकतोय." मी सीटवर पुढं सरकून, मान वाकवून बघत राहिले. कोल्हार सोडलं, दीड. राहुरी आली तेव्हा सव्वा. मी मोठ्यानं आकडे सांगत होते, तो नुसता "हं" म्हणत होता. राहुरीच्या पुढं एक. घाट लागला, गाडी रडायला लागली आणि काटा अर्ध्याच्या खाली आला. "अर्धा पण नाही रे!" मी ओरडले. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. खाली उतरून चाकांना दगड लावले आणि माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "आता टाकीचं झाकन उघडा, वहिनी. तुमीच."

किल्ली माझ्या पिशवीत होती. दोन्ही हातांनी फिरवली. झाकण ढिलं झालं आणि आतून आवाज आला... सुस्स. आत हवा ओढली जात होती, किती तरी वेळ. पुढं जाऊन तबकडी बघितली. काटा पुन्हा दीडवर.

त्यानं झाकण उलटं केलं, रबर बाहेर ओढलं. त्याला पंक्चरचं ठिगळ होतं, आमच्याच ट्रॅक्टरचं. "झाकनाला श्वासाचं भोक असतंय, ते ह्या रबरानं बुजलं. डिझेल खाली जाईल तसं वारं आत याया पायजे, न्हाईतर पंप वढून वढून किती वढंल? लई घट्ट बसवलंत हो!" मग झाकण नुसतं टेकवून, वर फडकं बांधून घाट चढलो. काटा हलला नाही.

नगरला कांदा उतरेपर्यंत चहा घेतला. मी विचारलं, "तुला आधीच कळलं होतं?"

"अंदाज हुता."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्यानं बशीतला चहा संपवला. "झाकन काढा म्हनलो असतो, तर तुमी काय म्हनला असता?"

मी काय म्हटलं असतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

घरी आल्यावर ह्यांना मी एवढंच सांगितलं, की रबर चुकून बसलं होतं. भानुदाससमोर किल्ली धरली, म्हटलं, तुझ्याकडेच ठेव. तो म्हणाला, "असू द्या तिथंच खिळ्याला." त्यानंतर ट्रक विकेपर्यंत, डिझेल भरायचं असलं की तो दारात यायचा. "वहिनी, किल्ली." संध्याकाळी परत आणून द्यायचा. मी कितीदा तरी म्हटलं, ठेव रे आता. "राहू द्या, सवय हाय." कधी आवाज चढवला नाही, कधी टोमणा मारला नाही. पण 'वहिनी, किल्ली' हे दोन शब्द मला दर वेळी टोचायचे, आणि माफी मागायचं मी दर वेळी उद्यावर ढकललं.

दशक्रियेच्या दिवशी मी निघाले तेव्हा मंगलनं जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. आत ती तबकडी. नळी नव्हती, काच पिवळी पडलेली. "दुसऱ्या गाड्यांना लावायला मागायची मानसं, पन हे देत नव्हते," ती म्हणाली. "म्हनायचे, वहिनींनी वाचलेला काटा हाय ह्यो, खरं वाचलं हुतं त्यांनी."

किल्ली अजून त्याच खिळ्याला आहे. तिच्याशेजारी आता तबकडी अडकवली आहे. चहा ठेवता ठेवता नजर जाते. काटा शून्यावर आहे. समोर उभी राहून, सरळ बघून सांगते आहे.