वीरकर सरांचा इम्पॅक्ट फॅक्टर

वीरकर सर आज सकाळी गेले.
इम्पॅक्ट फॅक्टर शून्य.

दुसरी ओळ वाचून कुणाला राग आला असेल तर येऊ दे. मलाही आलाय.

म्हसवडच्या अलीकडं त्यांचं गाव. सरांना पोचवून आले आणि आता विट्याच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत बसलेय. रडू येत नाही, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सर पलूसकडच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्यांच्याच डिपार्टमेंटला लागले. सरांचं घर मेंढपाळाचं, त्यामुळं माणसाचं अख्खं आयुष्य गवतात गेलं. दुष्काळ सरल्यावर माण तालुक्यातल्या माळावर कुठलं गवत आधी परत येतं आणि कुठलं कायमचं जातं, हा त्यांचा विषय.

आणि ‘कुरण’ ही त्यांची सहामाही संशोधन पत्रिका. संपादक सर. प्रुफं बघायला मी.

पोटच्या पोरासारखी जपली त्यांनी ती.

मग सगळीकडं एकच प्रश्न सुरू झाला. “जर्नलचा इम्पॅक्ट किती?”

हिशोब सोपा आहे. मागच्या दोन वर्षांत तुम्ही छापलेल्या लेखांचा, यंदा इतरांनी आपल्या लेखांत संदर्भ म्हणून किती वेळा उल्लेख केला? त्याला लेखांच्या संख्येनं भागायचं. आलं तुमचं वजन.

दोन वर्षं!
आमच्या माळावर गवताची खरी परीक्षा पुढच्या दुष्काळात होते. तो काय यांचं कॅलेंडर बघून पडतो?

बरं, या मोजणीत नुसतं बसायचं तरी आधी मोजणाऱ्या कंपनीनं तिच्या डेटाबेसमध्ये घ्यावं लागतं. तिथं घेताना ते बघतात, तुमचं नाव कोण घेतं.

आमचं नाव कुणीच घेत नव्हतं. कारण सर ते खोडायचे.

खरंच. पत्रिकेत येणारे निम्मे लेख सरांनी ‘कुरण’मध्येच आधी छापलेल्या कामावर उभे असायचे. पोरं लेखात प्रामाणिकपणे ‘वीरकर’ आणि साल लिहायची. सर लाल पेन घेऊन ते काढायचे आणि वर लिहायचे, ‘पूर्वीच्या अभ्यासकांच्या मते’.

मी भांडायचे. “सर, काम तुमचं आहे. नाव का काढताय?”

“आगं, घरच्या पत्रिकेत सवताचंच नाव? लाज वाटती मला. आणि मोजायचं कशाला? आमचा म्हातारा मेंढरं कवाच मोजायचा न्हाई. कळपावर नुसती नजर टाकली की त्येला कळायचं, कोण न्हाई ते.”

आणि पोरं तरी काय! सर गुरू, त्यांचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? ‘कुरण’मध्ये लागलेली सवय ती दुसरीकडं पण घेऊन गेली. पुण्या-मुंबईच्या जर्नल्समध्ये लेख छापून आले, तिथंही ‘आमच्या आदरणीय गुरुवर्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे’.

मशीनला गुरुवर्य कळत नाहीत हो.

एकदा प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते.
“आवं सर, सोप्पं हाय. लेख घेताना अटच घाला. तुमच्या पत्रिकेतलं चार-पाच संदर्भ द्या, मगच छापतो. तुमी त्येंचं द्या, त्ये तुमचं देत्यात. सगळी करत्यात.”

सर हसले. “म्हंजी लग्नातला आहेर झाला की. माईकवर नाव पुकारायचं, आन् ध्यानात ठेवून परत करायचा.”

त्यांनी ते केलं नाही. कॉलर ताठ करून आम्ही बाहेर आलो. मला तेव्हा लय अभिमान वाटला होता.

पुढं ‘कुरण’ मान्य जर्नल्सच्या सरकारी यादीतून गेली. यादीत नाही म्हटल्यावर तिथं छापलेला लेख पीएचडीला धरत नाहीत, प्रमोशनला धरत नाहीत. मग पोरांनी लेख कशाला द्यावेत? त्यांना दोष नाही. शेवटचा अंक सरांनी स्वतःच्याच लेखांनी भरला आणि त्यानंतर पत्रिका बंद पडली.

कुणाचा फोन आला नाही. अंक का आला नाही, असं एका माणसानं विचारलं नाही.

गेल्या वर्षी मी त्यांना एक लेख दाखवायला घेऊन गेले. परदेशातलं मोठं जर्नल. विषय माणच्यासारख्याच माळावरचं गवत. निष्कर्ष सरांचेच, पण सरांचं काम न बघता, स्वतंत्रपणे काढलेले. सुरुवातीलाच लिहिलं होतं की या प्रश्नावर आजवर कुणी काम केलेलं नाही.

सरांनी सगळा वाचला. मग शेवटची संदर्भांची पानं काढली आणि एकेका नावावरून बोट फिरवत खाली गेले. परत वर आले. परत खाली गेले.

“बराबर लिवलंय,” म्हणाले.

चहा झाला. मी निघाले तर दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “आगं, त्ये जुन्या अंकातलं खोडलेलं नाव... आता परत घालता येत असंल का?”

मी म्हटलं, “छापून झालंय, सर.”
“व्हय. त्ये बी खरंच.”

 त्यांचं ते तोंड मला आयुष्यभर दिसणार आहे.

आज स्मशानात संदीप भेटला. सरांचाच विद्यार्थी, आता पुण्यात प्रोफेसर आहे. ढसाढसा रडत होता. “मॅडम, सर नसते तर माझा थीसिस झालाच नसता.”
“मग थीसिसमध्ये नाव आहे का त्यांचं?”
“अर्पणपत्रिकेत आहे की. ‘गुरुवर्यांच्या चरणी’.”



सर, तुमचे वडील एका नजरेत ओळखायचे, कोण नाही ते. हे लोक सगळं मोजतात, आणि एक अख्खी पत्रिका कळपातून गेली तरी यांना कळलं नाही. तुम्ही गेलेलंही कळणार नाही. मोजणीत तुम्ही कधी नव्हताच. आणि ही पोस्टसुद्धा कुठं मोजली जाणार नाही, मला माहितेय.

तरी लिहिते.

डॉ. सिदू म्हाळू वीरकर. ‘कुरण’चे संपादक. माणच्या गवताचे अभ्यासक. माझे सर.
शेवटचा नमस्कार.

पूर्ण नाव लिहिलंय, सर. आता खोडायला तुम्ही नाही.